अकरा कबुतरांचं हमीपत्र

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. खरोखर वाकलो तर परत सरळ करायला तुझ्या भावजयीला हाक मारावी लागते, आणि ती आली की आधी कारण विचारते.) तुझा डावा गुडघा काय म्हणतो? उजव्याने त्याचं पाहून सुरुवात केली नसेल अशी आशा आहे. डोळ्याच्या ऑपरेशननंतर बारीक अक्षर लागत नाही म्हणालीस, म्हणून हे पत्र दुकानाच्या पाटीएवढ्या अक्षरात लिहितो आहे. पाकीट त्यामुळे जाड झालंय, आत दुसरं काही नाही, उगाच झटकून बघू नकोस. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. माझा रक्तदाब डॉक्टरांच्या आवाक्यात आहे, आणि तुझी भावजय गेले तीन आठवडे माझ्याशी इतकी चांगली वागते आहे की मला काळजी वाटायला लागली आहे.

आता मुद्द्याचं. (मुद्दा यायला अजून अवकाश आहे, पण तो येणार हे आधी सांगितलेलं बरं.) परवा फोनवर तू विचारलंस, मागे घुं घुं कसला आवाज येतोय रे? मी म्हणालो, पाण्याचा पंप. ताई, तो पंप नव्हता. पंप कधी मान फुगवून स्वतःभोवती फिरतो का? ती कबुतरं होती. तुझ्या ते लक्षात आलं असणारच, कारण तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावलास. तेव्हा आता सगळं पहिल्यापासून सांगतो.

आमच्या वर, चौथ्या मजल्यावर, एक म्हातारे घड्याळजी राहायचे. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण स्वतः ठरल्या वेळेला कधी कुठे पोचले नाहीत. गच्चीवर त्यांची ढाबळ होती, फळ्यांची आणि जाळीची, आत शर्यतीची कबुतरं. आणि या ढाबळीविरुद्ध इमारतीत ज्या माणसाने सगळ्यांत जास्त लिखाण केलं तो मी. तुला माहीतच आहे, नगरपालिकेत एकतीस वर्षं मी सूचना लिहिल्या. 'गवतावर चालू नये', 'रांग मोडू नये', 'येथे वाहन उभे करू नये'. या शहरातल्या निम्म्या मनाया माझ्या हातच्या आहेत. (निरोपसमारंभात साहेब म्हणाले, यांनी या शहराला काय काय करू दिलं नाही! लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते कौतुक होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.) निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले आणि सगळी विद्या मी आमच्या जिन्यावर खर्च केली. 'गच्चीवर पक्षी पाळणे रहिवाशांच्या हिताचे नाही' ही पाटी माझीच. घड्याळजी रोज ती पाटी वाचायचे, मला म्हणायचे, "अक्षर सुरेख आहे हो तुमचं," आणि दाण्यांचा डबा घेऊन वर जायचे.

खरं कारण मी कोणाला सांगितलं नाही. घाण, पिसं, खोकला ही सगळी अर्जात लिहायची कारणं. संध्याकाळी ती परतायला लागली की डोक्यावरून पंखांचा जो आवाज जायचा, कोरं कापड झटकल्यासारखा, तो मला सोसत नसे. तो ऐकला की मी नऊ वर्षांचा व्हायचो, आणि या वयात रोज संध्याकाळी नऊ वर्षांचं होणं प्रकृतीला झेपत नाही.

तुला बाबांचं ते रेल्वेचं पार्सल ऑफिस आठवतं ना? शर्यतीच्या कबुतरांच्या वेताच्या टोपल्या यायच्या कुठून कुठून, झाकणावर चिठ्ठी अडकवलेली, की अमुक वाजता सोडावीत. बाबा काळा कोट चढवून फलाटाच्या पार टोकाला जायचे, जिथे छप्पर संपायचं तिथे. घड्याळ बघायचे, खीळ काढायचे, आणि एवढा मोठा माणूस झाकण उघडताना दर वेळी अर्धं पाऊल मागे सरायचा. मग चिठ्ठीवर सुटल्याची वेळ लिहून रिकामी टोपली परतीच्या गाडीत चढवायचे. टोपली पोचायच्या आत पाखरं जेवून झोपलेली असतात, असं ते सांगायचे, जसं काही स्वतः बरोबर उडून बघून आलेत. एकदा एक पाखरू टोपलीच्या तळाशी तसंच बसून राहिलं. पाय दुखावलेला. कोणी परत मागितलं नाही. ती आपली लंगडी. तिच्यामागून एकेक करत नऊ झाली. तू चौदा वर्षांची, क्वार्टरच्या धाब्यावर उताणी पडायचीस, डोळे मिटलेले, आणि नुसत्या पंखांच्या आवाजावरून सांगायचीस, हा पोलीस आला, ही मास्तरीण, तिच्यामागे तिचा नवरा, आणि ही आपली लंगडी. एकदाही चुकली नाहीस. मी डोळे उघडे ठेवून चुकायचो.

असो. घड्याळजी दोन महिन्यांपूर्वी गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या, हातात भिंग. मुलंबाळं नव्हती. पुतण्या दोन दिवसांची रजा काढून आला आणि जे उचलता येईल ते सगळं लिलावघरात पाठवून दिलं: घड्याळं, पलंग, पातेली, कबुतरं. त्यांच्याकडे एक घडीचं टेबल होतं, त्यावर तुझ्या भावजयीचा फार दिवसांपासून डोळा. मला सकाळीच पाठवलं, की टेबल घेऊन या आणि दुसरं काही आणू नका. (पुढचं ऐकशील तर तुझ्या लक्षात येईल की टेबल सोडून मी बाकी सगळं केलं.)

लिलावघर म्हणजे एक जुनं गोदाम, पॉलिशच्या वासाने डोकं चढेल असं. लिलाववाले गृहस्थ गोड गळ्याचे. तुटकी खुर्ची आणि पियानो एकाच सुरात विकायचे. टेबलाच्या चार नंबर आधी दोन पेट्या पुढे आल्या. एकीत तीन, दुसरीत अकरा. "शर्यतीची कबुतरं, नग चौदा, चालू स्थितीत," असं त्यांनी पुकारलं. तीन एका जुन्या शौकीन बाईंनी घेतली. अकरा घेतली एका समारंभवाल्याने. हा लोकांच्या लग्न-उद्‌घाटनांना फुगे, फुलं, धूर, जे म्हणाल ते पुरवतो. हातोडा पडला. आणि मी उभा राहिलो. का, ते त्या क्षणी माझं मलाच कळलं नाही. मी विचारलं, "विकल्यावर यांचं काय होणार?"

"विकल्यावर ती घेणाऱ्याची, काका," लिलाववाले म्हणाले. "खुर्ची विकली की तिच्यावर कोण बसतं हे आम्ही विचारत नाही."

सगळे हसले. मी खाली बसायला हवं होतं. पण ताई, ते हसणं मी आधी एकदा ऐकलेलं होतं.

बाबांची बदली झाली, नव्या ठिकाणी दोनच खोल्या, कबुतरं न्यायची सोय नाही. तू लिलावाला आली नाहीस, न्हाणीघराला आतून कडी लावून बसलीस. बाबांनी मला बरोबर नेलं. मालधक्क्यावर बेवारस पार्सलांचा लिलाव असायचा, त्यात एक शिलाई मशीन, छत्र्यांचा गठ्ठा, आणि आपली नऊ. ज्यांनी घेतली ते बंदुकीच्या क्लबातले तिघं होते. टोपली उचलताना एक म्हणाला, रविवारी एकेक करून सोडू. दुसरा म्हणाला, लंगडीला जरा पुढून सोडा. आणि ते हसले. बाबांनी ऐकलं. मीही ऐकलं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांची सही होऊन गेली होती. घरी येताना त्यांनी नेहमीचा रस्ता घेतला नाही, केवढ्या तरी लांबून आले, आणि दाराशी माझा हात दाबून म्हणाले, ताईला सांगू नकोस. तू विचारलंस, कोणी नेली? बाबा म्हणाले, एका बागवाल्याने, मोठी बाग आहे त्याची. तू माझ्याकडे बघितलंस. मी मान डोलावली. तू विचारलंस, झाडं आहेत का? मी म्हणालो, पुष्कळ.

पुढे किती वर्षं तू त्या बागेबद्दल बोलत होतीस. लग्न होऊन जातानासुद्धा म्हणालीस, कधीतरी ती बाग बघून येऊ. आज तुझ्या त्र्याहत्तराव्या वर्षी सांगतो आहे की बाग नव्हती. मला क्षमा कर असं लिहिणार होतो, पण ते शब्द पाटीच्या अक्षरात फार मोठे दिसतात. तू समजून घे. बाबांनाही समजून घे. त्यांनी त्यानंतर फलाटाच्या टोकाला जायचं काम दुसऱ्याला दिलं होतं, हे तुला कदाचित माहीत नसेल.

तर मी खाली बसलो नाही. म्हणालो, "तुम्ही नाही विचारत ना, मग मी विचारतो." आणि यादीच्या पाठीमागे तिथल्या तिथे हमीपत्र लिहून काढलं. सहा कलमं, नगरपालिकेच्या भाषेत. खरेदीदार सदर पक्ष्यांवर नेम धरणार नाही व धरू देणार नाही. त्यांचे पंख छाटणार, बांधणार वा चिकटवणार नाही. उपाशी, अंधारात कोंडणार नाही. सांभाळणे न जमल्यास खाली सही करणाऱ्यास कळवील, वगैरे वगैरे. (हे लिहीत असताना टेबल विकलं गेलं.) शौकीन बाईंनी कागद नीट वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या, आणि आंघोळीच्या पाण्याचं कलम नाही म्हणून मलाच फैलावर घेतलं. ती तीन पाखरं सुखात आहेत, त्यांची गोष्ट इथेच संपली. समारंभवाल्याने मात्र कागदाकडे न बघता सही ठोकली आणि मला आपलं कार्ड दिलं. घरी आल्यावर तुझी भावजय माझ्या रिकाम्या हातांकडे बघून एवढंच म्हणाली, "टेबल घडी घालून खिशात ठेवलंय का?"

दोन आठवड्यांनी मी पाहणीला गेलो. गोदाम पुलापलीकडे, बसडेपोच्याही पुढे. तिथे कळलं की कबुतरं कामावर गेली आहेत. कामावर! पत्ता घेऊन गेलो तर एका बुटांच्या दुकानाचं उद्‌घाटन. मी आपला कोट घालून गेलो होतो, (पाहणी म्हटली की कोट हवा) तर दारातच माझ्या हातात पुष्पगुच्छ आला. मी नको नको म्हणालो, तो माझा विनय समजला गेला. पहिल्या रांगेत बसवलं. प्रमुख पाहुणे यायचे होते, ते आलेच आहेत असं सगळ्यांचं ठरलं. दोन शब्द बोला म्हणाले. उभा राहिलो, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने तोंडातून निघालं, "कृपया दारात गर्दी करू नये." यालाही टाळ्या. मग माझ्या हातात एक सोनेरी दोरी दिली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला बदामाच्या आकाराचा मोठा खोका, भर उन्हात ठेवलेला. मी ओढली, ताई. माझ्याच हाताने ओढली.

आत दहा कबुतरं होती, एकमेकांत दाटलेली. पाच गुलाबी, पाच निळी. नखशिखांत रंगवलेली. क्षणभर ती तशीच बसून राहिली, उजेडाला डोळे मिचकावत, आणि एकाची चोच वासलेली होती ती मिटेना. मग उडाली. आणि तो आवाज. भर बाजारात, बुटांच्या दुकानासमोर, मी नऊ वर्षांचा. समारंभवाल्याने ऐटीत उत्तरेकडे हात केला, कारण त्याचं गोदाम तिकडे. कबुतरांनी एक घेर घेतला आणि दक्षिणेकडे वळली. मुरलेलं शर्यतीचं पाखरू घर बदलत नाही, मालक किती का बदलेनात, हे तुला आणि मला केव्हापासून ठाऊक होतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी ओरडलो, "घरी चालली! घरी चालली!" आणि गुच्छ घेऊन पळत सुटलो. (खरे पाहुणे त्याच वेळी गाडीतून उतरत होते. गुच्छ मी त्यांना दिला का कोणाला, आठवत नाही.)

गच्चीवर पोचलो तेव्हा माझा श्वास माझ्या मागून येत होता. ढाबळ नव्हती, फळ्यासुद्धा पुतण्याने विकल्या होत्या. ती जिथे उभी होती तिथे फरशीवर एक फिकट चौकोन उरला होता, आणि त्या चौकोनात, बरोबर आत, दहाही पाखरं बसली होती. एकाचंही नख बाहेर नव्हतं.

मागून तुझी भावजय आली. माझ्या प्रत्येक अर्जावर पहिली सही हिची असायची, म्हणून मी बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "भाषण नंतर. टब आणा, पाणी कोमट हवं." एकेकाला मांडीवर घेऊन तिने धुतलं. रंग सुटला, पण पंखाखालची कातडी लाल, ठिकठिकाणी सोलवटलेली. तिचे हात आठवडाभर गुलाबी होते. भाजीवालीने विचारलं तर म्हणाली, समारंभ होता घरी.

मी प्राणिरक्षण खात्यात फोन केला. एक निरीक्षकबाई आल्या, बुटक्या, मोजकं बोलणाऱ्या. फोटो काढले, टबातलं पाणीसुद्धा बाटलीत भरून घेतलं. मी त्यांच्यापुढे माझं हमीपत्र ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "यात रंगवू नये असं कुठे आहे?" नव्हतंच! ताई, जन्मभर ज्याने लोकांना हे करू नये, ते करू नये सांगितलं, त्याला ऐन वेळी एक मनाई सुचली नाही. "जाऊ द्या," बाई म्हणाल्या, "तुमच्या कागदात नाही, आमच्या नियमात आहे." समारंभवाल्याला त्या नोटीस देणार होत्या, पण निकाल लागेपर्यंत पाखरं त्याच्या मालकीची, तो न्यायला आला तर अडवता येणार नाही, हेही सांगून गेल्या.

तो तिसऱ्या दिवशी आला. मोठा पिंजरा घेऊन, घामाघूम. आम्ही त्याला तिसऱ्या मजल्यावर आमच्या दारातच गाठलं. तो म्हणत होता, नोटीस बघून घेईन, आधी माझा माल द्या. मी सहा कलमं पाठ म्हणून दाखवत होतो. तुझी भावजय दोघांच्या मधे, हातात ओला पंचा. तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा जरा. काय वाजतंय?"

खालून जिन्यात आवाज येत होता. टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप. आम्ही तिघं कठड्यावरून वाकलो. (या वेळी मी खरोखर वाकलो.) एक राखी कबुतरी एकेक पायरी उडी मारून चढत होती. प्रत्येक पायरीवर थांबायची, छाती वरखाली व्हायची, वरची पायरी बघायची, पुन्हा उडी. उजव्या पंखाची लांब पिसं कात्रीने सरळ रेषेत कापलेली. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या मदतनीस बाईने नंतर सांगितलं, की पाखरू फाटकाबाहेर उभं होतं, तिने आपलं उघडलं.

समारंभवाल्याचा चेहरा उतरला. "ही फोटोतली," तो म्हणाला. "फोटोत हलू नये म्हणून मीच कापली होती पिसं. खिडकीतून पडली चार दिवसांपूर्वी. मला वाटलं, मांजराने नेली."

ती आमच्या मजल्यावर आली. वाटेत आम्ही तिघं आणि तो पिंजरा. तिने मान तिरकी करून आमच्याकडे पाहिलं, तिकिटाच्या खिडकीपाशी विनाकारण घोळका करून उभ्या असलेल्या लोकांकडे रांगेतली बाई पाहते तसं. समारंभवाल्याने पिंजरा छातीशी उचलला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. ती त्याच्या बुटांशेजारून पुढे गेली. मग आम्हीही तिच्या मागून, तिच्या चालीने. एवढ्याशा जिन्याला पाव तास लागला. गच्चीचं दार बंद होतं, ते त्यानेच पुढे होऊन उघडलं. ती चौकोनापाशी गेली. बाकीची दहा जरा जरा सरकली.

तो टाकीच्या कट्ट्यावर बसला. "काका, ही चालत आली."

"हो."

"पुलावरून? पुलावर ट्रक असतात हो."

थोड्या वेळाने त्याने कागद मागितला आणि ओठ हलवत पहिल्यांदा सगळा वाचला. मग माझंच पेन घेऊन खाली सातवं कलम लिहिलं, 'रंगवणार नाही', आणि त्याखाली, अकराही पक्षी या दोघांना दिले. पिंजरा तिथेच ठेवून गेला. दंड त्याने मुकाट्याने भरला असं ऐकतो. हल्ली तो समारंभात साबणाचे फुगे सोडतो, आणि भेटला की सांगतो, हे एक बरं, कुठे परत जात नाहीत.

राखीची कापलेली पिसं पुढच्या वेळी झडली की नवी येतील असं शौकीन बाई म्हणतात. तोवर ती पायीच हिंडते. इमारतीतून माझ्याविरुद्ध अर्ज आला आहे. मीच लिहिलेल्या जुन्या अर्जाची हुबेहूब नक्कल, फक्त घड्याळजींच्या जागी माझं नाव. उत्तर देणं जड जातंय, कारण मुद्दे पटतात. संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर खुर्च्या टाकून बसतो. दहा परत येतात. कोणती कोणती, मला काही ओळखू येत नाही.

तब्येतीला जप. मुलाला, सुनेला आशीर्वाद.

तुझा
धाकटा

ता. क. : एक सांगायचं राहिलं. निरीक्षकबाई म्हणतात की पाखरांच्या नोंदणीला लहानपणापासूनचा अनुभव असलेल्या व्यक्तीचं नाव लागतं. मी तुझं दिलं आहे. त्या बारा तारखेला पाहणीला येणार, त्या वेळी सदर व्यक्ती इथे राहत असली पाहिजे. निदान वर्षभर तरी, असा नियम आहे. माझा इलाज नाही. तेव्हा दहापर्यंत ये.

आणखी एक ता. क. : वर्षानंतर नूतनीकरण असतं.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. असा नियम कुठेही नाही. निरीक्षकबाई मागच्या सोमवारीच येऊन गेल्या, कागद आमच्या दोघांच्या नावाने झाला, दोन कप चहा घेतला त्यांनी. तुमचे यजमान गेल्यापासून हे दर रविवारी मला विचारतात, ताईला कायमचं इकडेच बोलावू या का? मी दर रविवारी हो म्हणते. मग फोन लावतात, तुम्हाला गुडघ्याचं विचारतात आणि ठेवून देतात. मागची खोली मी मोकळी करून, झाडून ठेवली आहे. तुम्ही या. फक्त आल्यावर निरीक्षकबाईंचं काही विचारू नका. बारा तारखेला त्या न आल्याचं आश्चर्य कसं करायचं, याची तालीम हे आरशापुढे करताहेत, ते मला तुमच्या शेजारी बसून बघायचं आहे.